लेसरने दिलेले पाणी : पोलादाच्या पृष्ठभागावरील असमान सूक्ष्मरचना

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदचा परिसर हा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा मुलूख. खाली बेसाल्टचा खडक आणि वर त्याच खडकापासून बनलेली काळी माती. या मातीत चालणारे प्रत्येक अवजार झिजते. मृगाच्या आधी वखराची पास, डवऱ्याची पाती, विळे आणि कुऱ्हाडी लोहाराकडून पाजवून घेण्याची रीत अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 'पाजवणे' हा शब्दच बोलका आहे. तापलेले लोखंड पाणी पिते आणि कठीण होते, ही समजूत त्यात दडलेली आहे. तलवारीला पाणी असते, माणूस पाणीदार असतो आणि धार टिकेनाशी झाली की तिचे पाणी उतरले असे म्हणतात.

लोहाराच्या या कामात दोन पायऱ्या असतात. भात्याच्या वाऱ्याने फुललेल्या निखाऱ्यांत पाते लाल होईपर्यंत तापवले जाते आणि त्याची फक्त धार पाण्यात बुडवली जाते. धार तत्क्षणी कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून पाते बाहेर काढून धार दगडावर घासून उजळ केली जाते आणि मग लोहार थांबतो. पात्याच्या अंगात उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळ केलेल्या लोखंडावर रंग उमटू लागतात. आधी सुमारे २२० अंश सेल्सिअसला गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. हवा तो रंग धारेपर्यंत आला की संपूर्ण पाते पाण्यात जाते. कठीणपणातील थोडा भाग सोडून देऊन त्या बदल्यात चिवटपणा मिळवण्याचा हा व्यवहार आहे. तो केव्हा थांबवायचा, हे लोहाराचे डोळे ठरवतात.

आधुनिक कारखान्यांत हेच पाणी प्रकाशाने देता येते. लेसरचा झोत पोलादाच्या पृष्ठभागावरून फिरवला की त्याच्या मागे कठीण झालेला एक पट्टा उमटतो. पाणी लागत नाही, तेल लागत नाही, संपूर्ण वस्तू तापवावी लागत नाही आणि त्यामुळे ती फारशी वाकतही नाही. दंतचक्रे, मोटारीचे पत्रे दाबणाऱ्या साच्यांच्या कडा, टर्बाइनची पाती, रोलर अशा अनेक वस्तूंवर ही पद्धत वापरली जाते. मात्र या पद्धतीने तयार झालेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो क्वचितच एकसारखा दिसतो. कठीण भागाला लागून मऊ भाग, खोल थराला लागून उथळ थर, असे हे चित्र असते. लोहाराच्या दोन पायऱ्या येथेही आहेत. फरक इतकाच की पहिली कारागीर हेतुपूर्वक करतो आणि दुसरी पुष्कळदा न बोलावता येते.

या तंत्राच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो जितका ठाऊक असावा तितका नाही. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून बनवला. तो क्षणिक चमकत असे. धातूवर सलग काम करण्याची ताकद त्यात नव्हती. ती ताकद ज्या लेसरने आणली, तो कार्बन डायऑक्साइड लेसर चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठातून, घेतली. स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर ते १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. कार्बन डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळला तर विजेची ऊर्जा नायट्रोजनमार्फत फार कार्यक्षमतेने लेसरकिरणांत उतरते, ही त्यांच्या कामातील कळीची गोष्ट. त्यातूनच पुढे किलोवॅटमध्ये मोजावी अशी शक्ती सतत देणारे लेसर बनले आणि पोलाद कापणे, जोडणे व कठीण करणे ही कामे प्रकाशाच्या आवाक्यात आली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान पदकाने पटेल यांचा गौरव झाला.

पोलाद कठीण कसे होते, हे आधी पाहू. साधे मध्यम कार्बनचे पोलाद, म्हणजे ज्यात शेकडा ०.४५ च्या आसपास कार्बन असतो असे, सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारच्या कणांचे बनलेले दिसते. एक फेराइट, हे जवळजवळ शुद्ध आणि मऊ लोखंड. दुसरा पर्लाइट. यात फेराइट आणि लोह-कार्बनचे कठीण संयुग यांचे पातळ पापुद्रे एकाआड एक रचलेले असतात. या पापुद्र्यांवर प्रकाश पडला की शिंपल्यासारखी झळाळी दिसते, म्हणून मोत्यावरून पर्लाइट हे नाव. इंग्लंडमधील शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात पोलाद घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत घालून दिली, तेव्हा हे जग प्रथम दिसले.

असे पोलाद पुरेसे तापवले की दोन्ही कण विरून ऑस्टेनाइट नावाची एकच रचना तयार होते आणि सगळा कार्बन तिच्यात विरघळतो. ते सावकाश थंड केले तर कार्बन पुन्हा वेगळा होतो आणि पूर्वीची मऊ रचना परत येते. झटक्यात थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो लोखंडाच्या स्फटिकात अडकून पडतो, स्फटिक ताणले जातात आणि सुईसारखी दिसणारी अतिशय कठीण रचना तयार होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. फेराइट-पर्लाइटचा कठीणपणा विकर्स मापावर २०० च्या घरात असतो. त्याच पोलादातील मार्टेन्साइटचा ७०० च्या आसपास जातो.

लेसरची किमया वेगाची आहे. झोताखालचा पृष्ठभाग सेकंदाच्या एका अंशात हजार अंशांपलीकडे जातो, तर दोन-चार मिलिमीटर खालचा भाग तेव्हाही थंडच असतो. झोत पुढे सरकताच हा थंड भाग वरची उष्णता शोषून घेतो. तापलेला थर सेकंदाला हजार अंशांहून अधिक वेगाने निवतो आणि त्याचे मार्टेन्साइट बनते. म्हणजे वस्तूचे स्वतःचे अंगच येथे पाण्याच्या हौदाचे काम करते. अशा थराची खोली सामान्यतः मिलिमीटरच्या काही दशांशांपासून दीड-दोन मिलिमीटरपर्यंत असते. पातळ पत्र्याला किंवा निमुळत्या टोकाला ही पद्धत एकाएकी लागू पडत नाही, कारण तेथे उष्णता शोषायला पुरेसे अंगच नसते.

असमानतेचे मूळही याच वेगात आहे. भट्टीत पोलाद तासभर राहते. विरघळलेल्या कार्बनला सर्वत्र पसरायला भरपूर वेळ मिळतो. लेसरखाली हा वेळ सेकंदाहूनही कमी. हजार अंशांच्या आसपास तेवढ्या अवधीत कार्बनचा अणू दोन-चार मायक्रोमीटर सरकू शकतो. पण फेराइटचा एखादा कण वीस, तीस किंवा पन्नास मायक्रोमीटर रुंद असतो. परिणामी जेथे पर्लाइट होते तेथे भरपूर कार्बनचे, फार कठीण मार्टेन्साइट तयार होते आणि शेजारी जेथे फेराइट होते तेथे कार्बन पोचतच नाही. तेथे दुबळे मार्टेन्साइट बनते किंवा थराच्या खालच्या भागात फेराइट तसेच राहून जाते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. त्याहून कमी अंतरावर एका जागी कठीणपणा ८०० आणि दुसऱ्या जागी त्याच्या निम्म्याहूनही कमी, असा प्रकार अशा थरात आढळू शकतो. उलट जेथे कार्बन फारच साचतो, तेथे थोडे ऑस्टेनाइट न बदलता शिल्लक राहते आणि ते मऊ असते.

यावरचा उपाय लेसरपाशी नाही, त्याच्या आधी आहे. वस्तू अगोदर भट्टीत कठीण करून मग पुन्हा तापवून मऊ केली असेल, तर तिच्यात कार्बनचे कण अतिशय बारीक व सर्वदूर विखुरलेले असतात. मग कार्बनला लांबचा प्रवास करावाच लागत नाही. एकाच प्रतीचे, एकाच रासायनिक घटनेचे दोन दांडे एकाच लेसरखाली ठेवले आणि एकाचा थर एकसंध तर दुसऱ्याचा ठिपकेदार निघाला, तर दोष यंत्राचा समजला जातो. पुष्कळदा तो दांड्याच्या पूर्वेतिहासाचा असतो. पोलाद खरेदी करताना त्याची केवळ प्रत विचारून भागत नाही, ते कोणत्या स्थितीत दिले जात आहे हेही विचारावे लागते, ते यासाठीच.

दुसरी असमानता झोताच्या आकारातून येते. साध्या गोल झोताची शक्ती मध्यभागी सर्वाधिक आणि कडेला कमी असते. त्यामुळे पट्टा आडवा कापून पाहिला तर कठीण थर चंद्रकोरीसारखा दिसतो, मध्ये खोल आणि दोन्ही बाजूंना उथळ. मध्यभाग वितळू लागला तरी कडा पुरेशा तापलेल्या नसतात. आरशांच्या योजनेने किंवा झोत वेगाने डावी-उजवीकडे हलवून ही शक्ती सपाट करता येते. अलीकडचे डायोड लेसर तर मुळातच आयताकृती आणि बऱ्याच अंशी समान शक्तीचा झोत देतात. कार्बन डायऑक्साइड लेसरला आणखी एक अडचण होती. त्याच्या १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश उजळ पोलाद परतवून लावते. म्हणून पृष्ठभागावर ग्रॅफाइटचा किंवा फॉस्फेटचा काळा लेप द्यावा लागे, आणि लेप जेथे जाड-पातळ तेथे थरही खोल-उथळ. डायोड आणि फायबर लेसरच्या एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला लोखंड अधिक प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे लेपाची गरज मोठ्या प्रमाणात संपली आणि लेपाबरोबर येणारी असमानताही गेली.

भोकांच्या कडा आणि धारदार कोपरे मात्र आजही त्रास देतात. तेथे उष्णतेला पळायला वाट कमी, म्हणून कोपरा आधी तापतो आणि कधीकधी वितळतोही. पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजून त्यानुसार लेसरची शक्ती क्षणोक्षणी कमी-जास्त करणारी यंत्रणा आता सर्रास वापरली जाते. तिने हा प्रश्न आटोक्यात आणला आहे, सोडवलेला नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट प्रश्न आहे तो दोन पट्ट्यांच्या सांध्याचा. झोताची रुंदी काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. रोलरसारखा मोठा पृष्ठभाग कठीण करायचा तर पट्ट्याशेजारी पट्टा ओढावा लागतो. दुसरा पट्टा ओढताना पहिल्याची कड पुन्हा तापते. सांध्याला अगदी लागून असलेला भाग पुन्हा ऑस्टेनाइट होऊन पुन्हा कठीण होतो, त्याचे काही बिघडत नाही. त्याच्या पलीकडची अरुंद पट्टी मात्र दोनशे ते सातशे अंशांच्या दरम्यान तापते. ती नव्याने कठीण होण्याइतकी तापत नाही, पण मार्टेन्साइटमध्ये अडकलेला कार्बन सुटून बाहेर पडण्याइतकी नक्कीच तापते. लोहार धारेवर ज्या रंगांची वाट पाहतो, तीच क्रिया येथे कोणी न पाहता होऊन जाते, आणि फिकट पिवळ्यावर न थांबता निळ्याच्याही पुढे जाते. मध्यम कार्बनच्या साध्या पोलादात ७०० चा कठीणपणा या पट्टीत ५०० वर, कधी ४०० वर येतो. पहिल्या पट्ट्याला दिलेले पाणी दुसरा पट्टा उतरवतो.

एवढ्याशा मऊ पट्टीने काय बिघडते? माती, वाळू किंवा धातूची भुकटी जेथे घासत जाते तेथे मऊ पट्टी आधी खरवडली जाते आणि पृष्ठभागावर एकाआड एक चर व वरंबे दिसू लागतात. वरंबे आधार सुटल्यामुळे कडेने तुकडे होऊन निघतात. घासण्याची दिशा आणि पट्ट्यांची दिशा एकच असेल तर चर सलग होतात आणि झीज झपाट्याने वाढते. आडवे पट्टे असतील तर प्रत्येक कठीण पट्टा मागच्या मऊ पट्टीसाठी बांधासारखा उभा राहतो. उतारावरच्या शेतात पाणी अडवायला आडवी नांगरट करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वारंवार वाकणाऱ्या किंवा दाब झेलणाऱ्या भागात धोका निराळा असतो. मार्टेन्साइट होताना पोलाद तीन-चार टक्क्यांनी फुगते; त्यामुळे कठीण पट्ट्यात दाबाचा ताण राहतो आणि तो चिरांना रोखतो. सांध्याजवळ हाच ताण उलटा होऊन ओढीचा बनू शकतो. म्हणजे जेथे पोलाद मऊ झाले, नेमके तेथेच त्याला फाकवणारी ओढ असते. दमणुकीची चीर सुरू व्हायला याहून सोयीची जागा नाही.

दंतचक्राच्या दात्यात हीच गोष्ट अधिक कोंडीत पकडते. दात्याची एक बाजू लेसरने कठीण केली आणि मग दुसरी करायला घेतली, तर दाता पातळ असल्यामुळे उष्णता आरपार जाऊन पहिल्या बाजूचे पाणी उतरवते. म्हणून झोत दुभागून दोन्ही बाजू एकाच वेळी तापवण्याची योजना करावी लागते. गोल कड्याचे कोडे आणखी जुने आहे, ते लेसरच्याही आधीचे. कडे कठीण करीत एक फेरी पूर्ण केली की शेवट सुरुवातीला येऊन भिडतो आणि तेथे मऊ जागा निर्माण होते. क्रेनसारख्या यंत्रांच्या मोठ्या फिरत्या बेअरिंगांत, जी विजेच्या वेटोळ्याने तापवून कठीण केली जातात, उत्पादक अशी छोटी मऊ जागा मुद्दाम सोडतात, तिच्यावर खूण करतात आणि यंत्रात बसवताना ती सर्वाधिक भार येणाऱ्या दिशेपासून दूर ठेवायला सांगतात. दोष लपवण्यापेक्षा तो कोठे आहे ते सांगणे, ही रीत लेसरच्या बाबतीत सर्वांनी उचलली असती तर बऱ्याच तक्रारी टळल्या असत्या.

असमानता नेहमीच वाईट असते असेही नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ येथील विभागाने मोटारीच्या स्टिअरिंग गिअरच्या बिडाच्या घरांवर कार्बन डायऑक्साइड लेसर वापरला. कारखान्यातील लेसर कठिनीकरणाच्या अगदी पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. तेथे आतला संपूर्ण पृष्ठभाग कठीण केलेला नव्हता. जेथे झीज होत असे तेथे एकमेकांपासून सुटे असे मोजके पट्टे ओढले होते. पट्टे एकमेकांना भिडतच नसल्याने सांध्याचा प्रश्नच उद्भवला नाही. मोठ्या डिझेल इंजिनांच्या सिलिंडरांतही सर्पिलाकार सुटे पट्टे ओढले जातात. भार कठीण पट्टे झेलतात आणि मधली मऊ जागा किंचित झिजून तेल धरून ठेवते.

दख्खनच्या लोहारांना तर असमानतेचे सौंदर्यही ठाऊक होते. वाशिमहून दक्षिणेला हिंगोली, नांदेड ओलांडले की तेलंगणातील निजामाबादचा मुलूख लागतो. तेथील कोनासमुद्रम हे वूट्झ पोलादाचे एक नावाजलेले केंद्र होते. इराणी व्यापारी तेथवर येत. या पोलादाच्या तलवारींवर दिसणारी लाटांसारखी नक्षी म्हणजे कठीण कार्बाइड कणांच्या रांगा आणि मधल्या मऊ पट्ट्या. पोलादात नकळत आलेल्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे हे कण रांगेत जमतात, असा निष्कर्ष अमेरिकेतील जॉन व्हर्होवन आणि पोलादी पाती घडवणारे आल्फ्रेड पेंडरे यांनी १९९८ मध्ये मांडला.

भारतात या विषयावर संशोधन करणाऱ्या संस्थांत हैदराबादचे चूर्णधातुशास्त्र व नवसामग्री संशोधन केंद्र, मुंबईची आयआयटी आणि उच्च शक्तीचे लेसर देशातच बनवणारे इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ही नावे ठळक आहेत. शेतीच्या अवजारांपर्यंत मात्र लेसर फारसा पोचलेला नाही. रोटाव्हेटरची पाती आणि कल्टिव्हेटरचे फाळ मुख्यतः भट्टीत किंवा विजेच्या वेटोळ्याने तापवूनच कठीण केले जातात, कारण पात्याच्या किमतीत लेसरचा खर्च बसवणे अवघड. तसे ते व्हावे असे वाटायला एक चांगले कारण आहे. पात्याची एकच बाजू पातळ थरापुरती कठीण केली तर मऊ बाजू आधी झिजते, कठीण बाजू पुढे राहते आणि धार आपोआप कायम राहते. उंदराचा दात असाच असतो. त्याच्या पुढच्या बाजूलाच कठीण लुकण असते, मागची बाजू मऊ, म्हणून कुरतडता कुरतडताच दाताला धार लागते. येथे असमानता हवीच असते, फक्त ती योग्य बाजूला पडावी लागते.

ती कोठे पडली आहे हे कळण्यासाठी कठीणपणाचा एकच आकडा पुरत नाही. प्रमाणपत्रावर रॉकवेल मापातील ५८ लिहिलेले असते आणि ते खरेही असते, पण हिऱ्याचे टोक टेकवले होते पट्ट्याच्या मध्यावर. तपासणी करायची ती पट्ट्यांना आडवी करावी लागते. नमुना कापून, घासून, दोनशे ते पाचशे ग्रॅमच्या हलक्या भाराने ओळीने ठसे घेत सांध्यापार जावे लागते. वस्तू कापणे परवडत नसेल तर साधा मार्गही आहे. घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर अल्कोहोलात मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लाचा बोळा फिरवला की पाणी उतरलेल्या पट्ट्या शेजारच्या कठीण पोलादापेक्षा लवकर काळवंडतात. काही सेकंदांत त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि फूटपट्टी ठेवून त्यांची रुंदी मोजता येते.